विझलेलं घड्याळ बोललं

सर, तुमचं घड्याळ बोललं! हे आधी सांगून टाकते, नाहीतर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल, "पोरी, पाल्हाळ नक्को, मुद्द्यावर ये." आले बघा मुद्द्यावर. तुमच्या मामूंचं ते फौजी घड्याळ, ज्याचे हिरवे आकडे विझले म्हणून भरल्या वर्गात तुमचं हसं झालं, ते माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसून बोललं. आणि मी, पासष्टी उलटलेली बाई, पदर खोचून तिथंच नाचले. आमचे हे दारात उभे होते. म्हणाले, "काय झालं? डॉक्टरला बोलवू का?" मी म्हणाले, "नाय, पेढे आणा. आणि हात आखडता घेऊ नका."

तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की मधल्या काळात या शहराचं नाव बदललं, मी ज्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी काढली तिथली यंत्रं भंगारात गेली, आणि तुमच्या वर्गातली पोरं आजोबा होऊन नातवंडांना शाळेत सोडायला लागली. मी मात्र अजून तीच आहे. नववीतली, खिडकीजवळच्या बाकावरची, जिच्या दप्तरातून पुस्तकांपेक्षा वायरी जास्त निघायच्या. तुम्ही मला नावानं हाक मारलीच नाही कधी. "खटपटी" म्हणायचात. एक्स्चेंजमध्ये जन्मभर तेच केलं, बिघाड शोधायचे नि वायरींना डाग द्यायचे. रिटायर झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, मी सोल्डरिंगची गन घेऊन ओट्यावर बसते. ह्यांच्या भाषेत सांगायचं तर माझी भाजी करपते पण डाग कधी करपत नाही.

तुमची मराठी आठवायलीय मला आज सकाळपासून. तुम्ही सायन्स शिकलात हैदराबादेत, उर्दूतून. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि पुढं काही वर्षांनी तुमच्या हातात मराठी पुस्तक आलं. ज्या माणसाला सगळं विज्ञान एका भाषेत तोंडपाठ, त्यानं ते दुसऱ्या भाषेत शिकवायचं, तेही आमच्यासारख्या टवाळ पोरांना! "किरणोत्सर्ग" हा शब्द तुम्ही फळ्यावर एकेक अक्षर जपून लिहायचात, आणि लिहून झाला की दोन पावलं मागं सरून त्याच्याकडं बघत राहायचात. "बापरे," म्हणायचात, "आमच्यात याला ताबकारी म्हणतात. पण हा लफ्ज बी भारी आहे. मिशीवाला वाटतो." सगळा वर्ग हसायचा, तुम्हीही हसायचात. मला अजून तो शब्द कुठं छापलेला दिसला की आधी त्याच्या मिशा दिसतात.

आणि ते घड्याळ. मामू निजामाच्या फौजेत होते, मोठ्या लढाईत दूरदेशी जाऊन आले होते. फौज मोडल्यावर त्यांनी शहागंजात सायकलचं दुकान टाकलं आणि हातातलं घड्याळ भाच्याला दिलं. पहाऱ्यावर काडी न पेटवता वेळ दिसावी म्हणून त्याचे आकडे नि काटे रेडियमच्या रंगानं रंगवलेले. तुम्ही ते वर्गात टेबलावर पांढरा रुमाल अंथरून त्यावर ठेवायचात. त्याला चावी द्यायचा मान आमचा असायचा. हजेरीच्या क्रमानं एकेका आठवड्याला एकाचा नंबर, रोज पहिल्या तासाआधी त्यानं पुढं यायचं, हात धुतलेले दाखवायचे, आणि सगळ्यांसमोर चावी द्यायची. करकर करकर आवाज व्हायचा आणि पोराची छाती अशी फुगायची की विचारू नका. एकानं विचारलं होतं, "सर, पोरी बी देणार का चावी?" तुम्ही म्हणालात, "का रे, घड्याळ विचारतं का, कोण देतंय म्हणून?" तेव्हापासून मी माझ्या नंबरची वाट बघत होते.

पण खरी मजा गोधडीची. तुम्ही घरून सायकलच्या कॅरियरला बांधून ती आणायचात, टेबलावरून खाली सोडायचात, आणि एकेकाला भिंग नि घड्याळ देऊन टेबलाखाली पाठवायचात. नियम एकच. लगेच भिंग लावायचं नाही. आधी बे पासून तीसपर्यंतचे पाढे म्हणायचे, मोठ्यानं, डोळे उघडे ठेवून. "डोळ्यात अंधार मुरू द्या," म्हणायचात, "लोणच्यावानी." बाहेर तुम्ही फळ्यावर शिकवताय आणि टेबलाखालून कुणाचे तरी पाढे येताहेत, असा आमचा सायन्सचा तास चालायचा. शेजारच्या वर्गातले सर येऊन बघून गेले होते, हा गणिताचा तास आहे की काय म्हणून. माझ्या वेळी मी तीस दाहे तीनशेला पोचले, घामानं भिजले होते, आणि भिंग लावलं. आधी नुसता हिरवा धूर. मग तो धूर हलायला लागला. खसखशीएवढ्या ठिणग्या, एक इथं, एक तिथं, लागली की विझली, आणि परत त्या जागी नाहीच. तुम्ही बाहेरून विचारताय, "काय दिसतंय?" आणि मी आतून ओरडते, "सर, उकळायलंय!" तुम्ही गोधडी वर करून आत डोकावलात. तुमच्या तोंडावर एवढं हसू होतं. "एकेक ठिणगी म्हणजे एकेक अणू फुटला बेटा. तू आत्ता अणू फुटताना बघितलास. किती जणांनी बघितला असेल या शहरात?"

त्याच उत्साहात मी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ब्लेड घेऊन घड्याळाच्या काचेच्या कडेला लागले होते. मला तो हिरवा रंग नखावर लावून घरी न्यायचा होता, आईला दाखवायला. तुम्ही मागून येऊन मनगट धरलंत ते असं की ब्लेड खाली पडलं. आवाज चढवलात, एरवी कधी चढवला नव्हता. मग बाकावर बसवून सांगितलंत, विलायतेकडं घड्याळाच्या कारखान्यांत पोरी हा रंग द्यायच्या, ब्रशला टोक काढायला तो ओठात धरायच्या, आणि त्यांचे जबडे कसे झिजून गेले. "काचेच्या आड आहे तोवर दोस्त. पोटात गेला की दुश्मन. कधी उघडायचं नाही, कसम खा." मी कसम खाल्ली आणि रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला कागदाच्या पुडीत एक डायोड आणून दिलात, मेलेल्या ट्रान्झिस्टरमधून काढलेला, काचेचा, तांदळाएवढा. "हा घे. काही उघडायचं तर रेडिओ उघड. हा करंट एकीकडूनच जाऊ देतो. उलटा लावला की गप्प." त्या तांदळावर माझा पहिला रेडिओ झाला सर, आणि पुढची सगळी नोकरी. लाडूच्या डब्यात जपून ठेवलाय मी तो अजून.

मग ती तपासणी. साहेब पुण्याकडचे, धोतर नाही, सूट, आणि मराठी अशी की आम्हाला आमचीच भाषा परकी वाटावी. शनिवारचा दिवस. तुम्ही मुद्दाम गोधडी आणली होतीत. साहेब म्हणाले, "हे काय अंथरूण?" तुम्ही सगळं समजावलंत, आणि मग अदबीनं म्हणालात, "साहेब, बसा ना खाली. पण आधी पाढे म्हणावे लागतील." वर्ग खुदकन हसला. साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी उभ्या उभ्याच गोधडीचं टोक वर केलं, डोकं घातलं, आणि काढलं. "काही दिसत नाही. हे घड्याळ मेलेलं आहे." तुम्ही म्हणालात, "साहेब, चमक कमी झालीय. तो वरचा मसाला जळून गेलाय, ज्याच्यावर ठिणगी पडते. रेडियम गेलेलं नाही. त्याची आधी उमर, म्हणजे निम्मं व्हायची उमर, सोळाशे वरसं आहे." साहेब हसले. "म्हणजे दिवा विझला तरी तेल आहे म्हणता?" तुम्ही म्हणालात, "हौ साहेब, तसंच." आणि ते म्हणाले, "मग दाखवा तेल." तुमच्याकडं दाखवायला काय होतं? ते किरण मोजणारं यंत्र आपल्या शाळेनं चित्रातसुद्धा पाहिलं नव्हतं. तेव्हा मी उभी राहिले. "साहेब, मी बघितलंय! उकळत होतं!" साहेबांनी माझ्याकडं बघितलंही नाही. तुम्हाला म्हणाले, "पोरांना काय, तुम्ही सांगाल ते दिसेल."

ते वाक्य मला जन्मभर चावलं सर. तुम्ही घड्याळ रुमालात गुंडाळून खिशात घातलंत, आणि सोमवारी टेबल रिकामं. त्या सोमवारपासून माझा नंबर होता, मी हात धुऊन, नखं कापून आले होते. तुम्ही सरळ फळ्याकडं वळलात. मास्तरांच्या खोलीत तुमचं नाव पडलं, विझलेलं रेडियम. चहा आला की "रेडियमला द्या एक कप" असं बाहेर आम्हाला ऐकू यायचं. तुम्ही तो चहा प्यायचात, हसून. तुम्ही रिटायर झालात तोवर घड्याळ परत वर्गात आलं नाही.

आता ऐका पुढं. तुमची लेक, आमची आपा, हिच्याकडं मी दर ईदला शिरखुर्मा प्यायला जाते हे तुम्हाला माहीत नसेल. तुमच्या माघारी सुरू झालं ते. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, गुडघे धरलेत, पण जीभ धडधाकट. यंदा ती ट्रंक आवरत बसली होती आणि तो रुमाल निघाला. तिचा पुतण्या म्हणाला, "बंद पडी घडी क्या करते आप, भंगारवाले कू देदो." तो गेल्यावर आपा मला म्हणाली, "ताई, एक बात पूछू? मेरी शादी के पहले मोहल्ले के बच्चे मेरेकू झूठे मास्टर की बेटी बोलते थे. अब्बा कू कभी पूछी नहीं मैं. तुम तो मशीनवाली हो. इसमें कुछ है बी, के नहीं?" तिचा आवाज बदलला होता सर. सत्तरीची बाई, आणि विचारताना अशी खाली बघत होती जशी लहान पोर. मी म्हणाले, "आपा, आहे. मी बघितलंय." ती म्हणाली, "देखी तो अब्बा ने बी थी. मेरेकू सुनाओ. सुनाई दिया तो रखूंगी, नहीं तो देदूंगी, झगडा खतम." मी घड्याळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी आणलं. तुमची कसम लक्षात होती, उघडायचं नाही.

आणि यंत्र कशाचं केलं माहीत आहे? डायोडचं! थेट तुमच्या तांदळाचं नाही, पण त्याच्या भावकीतलं. टीव्हीच्या तोंडावर रिमोटचा इशारा ओळखणारा डोळा असतो ना, त्या जातीचा डायोड, नखाएवढा चौकोनी, पैठण गेटजवळच्या दुकानात सहज मिळाला. तुमच्या वेळी हे लहान पोराच्या हातात येईल असं कुणी म्हणालं असतं तर त्यालाही रेडियम नाव पडलं असतं. तो उलटा जोडायचा. तुम्ही सांगितलं होतंत तसाच तो गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यातच सगळी गंमत आहे सर! त्यातून काही वाहतच नाही, म्हणून एखादा किरण त्याच्या पोटातून गेला आणि त्यानं जरासे इलेक्ट्रॉन हलवले, की तेवढंही कळतं. मग ती कुजबुज पायरी पायरीनं मोठी करत न्यायची, शेवटी छोट्या स्पीकरमध्ये "टक". एक किरण, एक टक. मला हे कागदावर पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी ह्यांना झोपेतून उठवून सांगितलं. ते म्हणाले, "म्हातारपणी बॉम्ब बनवायलीस का काय?"

झटापट लई झाली. डोळाच तो, आधी त्याला आंधळं करायचं, म्हणून त्यावर पोळ्या गुंडाळायची फॉईल लावली, वर काळी चिकटपट्टी. तरी खिडकी उघडली की स्पीकर कोकलायचा, पट्टीला कुठंतरी फट. ती बुजवली. मग बाहेरचा सगळा कचरा यायला लागला, फ्रिज सुरू झाला की टक, ट्यूबलाईट लावली की टक, म्हणून सगळंच बिस्किटांच्या डब्यात घातलं. मग एक दिवस कुकरची शिट्टी झाली आणि डबा असा तडतडला की मला वाटलं तूरडाळीतच रेडियम आहे. फॉईलचा पदर ढिला राहिला होता, आवाजानं तो थरथरायचा आणि यंत्राला वाटायचं काहीतरी आलं. पदर आवळला, तरी मोठा आवाज झाला की डबा दचकायचाच. असू दे, म्हणाले, शिट्टी व्हायच्या आधी मोजू.

आणि मग माझा अतिशहाणपणा. सगळं जमून आलं, डबा एकदम शांत. मी हात धुतले, घड्याळ घेतलं, चावी दिली, करकर करकर, इतक्या वर्षांनी ते चालायला लागलं, आणि मी ते डब्यात डायोडसमोर ठेवून झाकण लावलं. स्पीकर लगेच बोलायला लागला. टक टक टक टक टक! मी घरच्या लँडलाईनवरून आपाला फोन लावला, स्पीकर फोनपाशी धरला, "आपा, ऐक, ऐक, अब्बांचं रेडियम!" आपानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "ताई, घडी है तो टिक-टिक करेंगीच ना. ये तो मैं कान कू लगाके बी सुन सकती." मी स्पीकर माझ्याच कानाला लावला. खरंच की! एकसारखं, तालात, शिपायाच्या कवायतीसारखं. अणू असा तालात कधी फुटतो का? डबा घड्याळाची चाकं ऐकत होता, रेडियम नाही. मी म्हणाले, "आपा, सवयीनं चावी दिली गं, बेध्यानात." ती म्हणाली, "कोई बात नहीं," पण त्या "कोई बात नहीं"मध्ये भंगारवाला दाराशी येऊन उभा राहिल्यासारखा मला दिसला.

आता घड्याळ आपोआप थांबायची वाट बघणं आलं, कारण उघडायचं तर नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते चाललं, म्हातारं, पण काय दम! मी स्वयंपाक करता करता दर थोड्या वेळानं कान लावत होते. आणि सर, त्या वेळात माझी खरी तंतरली. आत्तापर्यंत मला खात्री होती, मी बघितलं होतं ना. पण आता मनात यायला लागलं, पाढे म्हणून म्हणून दमलेल्या, उकाड्यात बसलेल्या पोरीला तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत की ठिणग्या दिसतील. दिसल्या असतील का खऱ्या? की साहेब म्हणाले ते बरोबर होतं? ह्यांनी मला दोनदा विचारलं, "तुझं काय बिनसलंय?" मी त्यांच्यावर खेकसले. हे तुमचं नुसतं घड्याळ नव्हतं सर, माझे डोळेही त्यात अडकले होते.

वरणाला फोडणी घातली आणि लक्षात आलं, घड्याळ गप्प. गॅस बंद केला. पंखा बंद, फ्रिज बंद. ह्यांना मोबाईलसकट अंगणात बसवलं, कारण मोबाईलनंही डबा बिथरतो. आधी रिकामा डबा. आणि मोजायचं कसं? तुमच्याच पद्धतीनं! डब्यापासून लांब उभं राहून बे एके बे पासून तीस दाहे तीनशेपर्यंत मोठ्यानं पाढे म्हटले. तेवढ्यात दोनच टक. ते असतातच, आभाळातून येतात, दगडामातीतून येतात. मग ह्यांचं जुनं बंद घड्याळ ठेवलं, पुन्हा सगळे पाढे. तेवढेच. अंगणातून आवाज आला, "अगं, शाळेत नाव घातलं का काय तुझं?" मग तुमचं घड्याळ ठेवलं. झाकण लावलं. बे एके बे. बेचा पाढा संपला, काही नाही. तीनचा संपला. चार साते अठ्ठावीस, आणि टक. मी थांबले. डबा हलवला नव्हता, शिट्टी नव्हती, घड्याळ मेल्यासारखं बंद. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक-टक, लागोपाठ. मग एक. मग तीन! ना ताल, ना सूर, ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसं, आता फुटेल म्हणावं तर फुटत नाही आणि पुढच्याला दम धरत नाही. दहाच्या पाढ्यापर्यंत पोचायच्या आधी माझा हिशेब चुकला. घड्याळ जरा लांब सरकवलं, कमी झालं. जवळ आणलं, वाढलं. मध्ये पितळेची वाटी धरली, पुन्हा कमी. सर, तेल होतं! दिवा विझला तरी तेल होतं, तुम्ही म्हणालात तेवढंच, तुम्ही म्हणालात तसंच! मी खरंच बघितलं होतं! त्यानंतर मी नाचले, ते वर सांगितलंच.

दुसऱ्या दिवशी डबा भाजीच्या पिशवीत घालून रिक्षानं आपाकडं गेले. तिनं पलंगावर रुमाल अंथरला, तोच तुमचा पांढरा, आता पिवळा पडलेला. मी तिला आधी रिकामा डबा ऐकवला. "ये क्या, गूंगा है." मग घड्याळ आत ठेवलं. पहिली टक आली तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. मग दुसरी. तिनं डोक्यावरचा पदर कानामागं घेतला आणि डब्याला कान लावून वाकली, गुडघे दुखतात तरी. किती वेळ तशी होती कोण जाणे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं. "झूठे मास्टर नहीं थे," म्हणाली, "सुन रही ना तुम?" मी म्हणाले, "ऐकायलेय आपा." मग तिनं विचारलं, "कब तक बोलेंगी ये?" मी सांगितलं, सोळाशे वर्षांनी निम्मी होईल. आपा पदरानं तोंड पुसून म्हणाली, "फिर तो वो साहब कू बी वापस बुलाव, अब पाढे बोलने कू टाइम है उनकू." आम्ही दोघी इतक्या हसलो की पुतण्या धावत आला. तिनं त्याला जवळ बसवलं, डब्यावर त्याचं डोकं दाबलं, आणि म्हणाली, "भंगार सुन." घड्याळ आता तिच्या काचेच्या कपाटात आहे, पत्र्याच्या डबीत, मी नीट बजावून आलेय, उघडायचं नाही, उशाशी ठेवायचं नाही. डायोडचा डबाही तिथंच ठेवून आले. माझ्यासाठी दुसरा करेन, हात तर रिकामेच आहेत.

हे पत्र घालायला पेटी नाही. आपाकडं द्यावं असं वाटलं होतं, तिनं तुमच्या कबरीपाशी वाचलं असतं, तिचं वाचणंही गोड आहे. पण मग तिला हे शेवटचंही वाचायला मिळालं असतं, म्हणून माझ्याकडंच राहू दे. आपाला मी सांगितलं की चावी बेध्यानात दिली. जन्मभर बिघाड शोधणारी बाई मी, कुकरच्या शिट्टीनं डबा कसा तडतडतो हे आदल्याच आठवड्यात बघितलेली. चालू घड्याळ आत ठेवायचं नसतं हे मला कळत नव्हतं होय? सगळं कळत होतं सर, टकटक ऐकून भान सुटलं ते नंतर. चावी द्यायच्या आधी मी साबणानं हात धुतले, नखं बघितली, आणि ओट्यासमोर सरळ उभी राहिले. माझा नंबर राहिला होता.